पाण्यावरची गिरणी

लेकीकडे व्हर्जिनियात गेलं की पहिला आठवडा झोपेच्या गोंधळात जातो, दुसरा दुकानांत, आणि तिसऱ्या आठवड्यात जावईबापू विचारतात, "आई, आता काय बघायचं?" राजधानीतली संग्रहालयं मागच्या दोन खेपांना झाली होती. पुतळे बघून माझे पाय दुखतात. मी म्हटलं, कुठे तरी ओढा-बिढा असेल, झाडं असतील, तिथे न्या. त्यावर नातवाने सुचवलं ते कॉल्व्हिन रन. त्यांच्या शाळेची सहल तिथे गेली होती. "आजी, तिथे पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे. खरीखुरी. पीठ पडतं."

आता पिठाची गिरणी म्हटल्यावर मी मागे राहणार आहे थोडीच! आमच्या वडिलांची गिरणी होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातली पहिली. त्याबद्दल पुढे येईलच.

ग्रेट फॉल्स नावाच्या गावाजवळ, लीझबर्गहून अलेक्झांड्रियाच्या बंदराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागून ही गिरणी आहे. बांधली साधारण १८११ साली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई अजून बुडायची होती. लाल विटांची उंच, साधी इमारत. खिडक्या लहान, नक्षी नाही, कमान नाही, काही नाही. पहिल्यांदा बघताना वाटतं, यात बघायचं काय? कोठारच आहे की. पण तिच्या कुशीला टेकून उभं असलेलं लाकडी चाक दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. वीस फूट व्यासाचं चाक. आपल्या दुमजली घराएवढं. वरून लाकडी पन्हळ आलेली. त्या पन्हळीतून पाणी चाकाच्या माथ्यावर पडतं, चाकाच्या परिघावर खोबणीसारखे कप्पे असतात ते भरतात, आणि भरलेली बाजू जड होऊन खाली जाते. खाली गेली की कप्पे रिकामे होतात, तोवर वरचे भरलेले असतात. झालं. चाक फिरायला लागलं.

मला इतकी वर्षं वाटायचं की पाणी जोरात आपटतं म्हणून चाक फिरतं. तशीही चाकं असतात, प्रवाहात खालून ढकलली जाणारी. पण जॉन स्मीटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लहान प्रतिकृती करून मोजमापं घेतली आणि १७५९ साली मांडून दाखवलं की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. पाण्याचा धक्का नव्हे, पाण्याचं वजन कामाला लावायचं. त्यामुळे एवढासा ओढा असला तरी चालतं. कॉल्व्हिन रन हा खरोखरच एवढासा ओढा आहे. आपल्याकडे श्रावणात रस्त्याच्या कडेने याहून जास्त पाणी वाहतं. पण त्याला वर कुठे तरी अडवलं, पाटाने उंची न सोडता आणलं आणि वीस फुटांवरून सोडलं, की तो दगड फिरवतो.

चाक मात्र अगदी सावकाश फिरतं. मिनिटाला आठ-दहा फेऱ्या. दगडाला तर शंभराच्या आसपास हव्यात. ही वाढ आतल्या दातेरी चाकांची. गिरणीत शिरलं की तळघरासारख्या जागेत ती दिसतात, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ रमले. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, तेव्हा लहान चाक भराभर फिरतं. तिथून उभा दांडा वर जातो, त्यावर पुन्हा मोठं चाक, त्याला पुन्हा लहान चाक, आणि त्या लहान चाकाच्या दांड्यावर जात्याचा वरचा दगड.

तिथे एक गिरणीवाले काका होते. वय माझ्याएवढंच असेल, अंगात पिठाने पांढरा झालेला ॲप्रन. मोफत काम करणारे, हौशी. त्यांनी नातवाला विचारलं, चाकाचे दात लाकडाचे का केले असतील, लोखंडाचे का नाहीत? नातू म्हणाला, लोखंड महाग असेल. ते तर खरंच, पण पुढे काकांनी सांगितलं ते मला फार आवडलं. काही अडकलं तर लाकडी दात मोडतो, बाकीचं यंत्र वाचतं. मोडलेला दात सुताराकडून अर्ध्या दिवसात बसवून मिळतो. आवाज कमी होतो. आणि ठिणगी उडत नाही. पिठाची धूळ हवेत तरंगत असते आणि ती बारुदासारखी पेट घेते. गिरणी जळाली, असं त्या काळी नेहमी व्हायचं.

दुसरी युक्ती दातांच्या संख्येची. समजा मोठ्या चाकाला ४८ दात आणि लहानाला १६. तर लहान चाकाचा एकेक दात मोठ्याच्या त्याच त्या तीन दातांशी जन्मभर भिडणार. त्यातला एखादा वाकडा असला तर समोरचाही खराब होणार. म्हणून जुने कारागीर एक दात जास्त घालत. ४८ ऐवजी ४९. मग प्रत्येक दाताची गाठ प्रत्येकाशी पडते आणि झीज सगळ्यांना सारखी येते. नातवाने तिथल्या तिथे फोनवर हिशोब करून बघितला. मी मराठी आणि इतिहास शिकवला, गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण हा एक जादा दात मला लगेच समजला. वर्गात दरवर्षी बाकं बदलून बसवायचे, ते याच कारणाने.

वरच्या मजल्यावर दगड. तेव्हाच्या अमेरिकेतल्या चांगल्या गिरण्यांत गव्हासाठी फ्रान्समधून दगड मागवत. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीच्या खोऱ्यात ला फेर्ते-सू-जुआर हे गाव आहे, तिथल्या खाणीचा. एकसंध दगड नसतो तो. तुकडे घडवून एकमेकांना बसवायचे, प्लास्टरने सांधायचे आणि भोवती लोखंडी धाव तापवून चढवायची, बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी. दगड कठीण, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यामुळे धार राहते आणि गव्हाचा कोंडा चिरडून पिठात मिसळत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, वजन टनाच्या घरात. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकांना कधीच टेकायचे नाहीत. कडेपाशी फट किती, तर कागदाएवढी. दगडाला दगड लागला की दोघांचीही धार गेली आणि पिठात कचकच आली.

दगडांवर मधल्या भोकापासून कडेपर्यंत चऱ्या पाडलेल्या असतात. दोन्ही दगडांच्या चऱ्या फिरताना कात्रीसारख्या एकमेकींवरून जातात, दाणा कापला जातो आणि पीठ कडेकडे सरकत जातं. आपल्या जात्याचंही तंत्र हेच. फरक इतकाच की जात्यात वैरण घालायला बाईचा हात असतो आणि इथे वर लाकडी खोका. खोक्याखालच्या पन्हळीला एक दांडी सारखी टकटक ठोकत राहते, त्या हिसक्याने दाणे पडतात. दगड जोरात फिरला की टकटक वाढते, दाणे जास्त पडतात. आपोआप बेतात राहतं. त्या दांडीला इंग्रजीत 'डॅमसेल' म्हणतात, म्हणजे तरुण मुलगी. का, तर ती सतत बडबडते म्हणून! हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी पहाटे तीनला उठून कोण दळत होतं, ते विचारायला हवं होतं.

आता या गिरणीची खरी कथा. ती ऑलिव्हर एव्हान्स या माणसाची आहे. जन्म १७५५ चा, डेलावेअरचा. त्याच्या आधी गिरणीत पाणी फक्त दगड फिरवायचं. बाकी सगळं माणसाच्या पाठीवर. पोती खांद्यावर घेऊन जिना चढायचा, धान्य वर ओतायचं, खाली आलेलं गरम दमट पीठ पुन्हा पाठीवरून वर न्यायचं, पसरायचं, गार करायचं, चाळणीत लोटायचं. एव्हान्सने ठरवलं की दाणा आत आल्यापासून पीठ पिंपात पडेपर्यंत माणसाचा हात लागता कामा नये. त्याने काय केलं? चामड्याच्या पट्ट्याला लहान लहान डबे लावले आणि तो पट्टा तळापासून माळ्यापर्यंत फिरवला. आपलं रहाटगाडगंच की! कोकणात विहिरीवर पाण्यासाठी असतं, त्याने ते धान्यासाठी केलं. आडवं सरकवायला लांबलचक लाकडी स्क्रू. आणि माळ्यावर एक गोल फिरणारं दंताळं, जे पीठ पसरतं, गार करतं आणि हळूहळू मधल्या भोकाकडे ओढतं. हे काम आधी एक पोरगा दंताळं घेऊन करत असे, म्हणून त्या यंत्राचंही नाव 'हॉपर बॉय'च पडलं. पोरगा गेला, नाव राहिलं.

धान्य वर, मग आपल्या वजनाने खाली, साफ होऊन दगडात, पीठ पुन्हा वर, पुन्हा खाली, फिरत्या रेशमी चाळणीतून पिंपात. इमारत उंच का, खिडक्या लहान का, मजल्यामजल्याला भोकं का, ते मला तेव्हा उमगलं. ती इमारत म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच आहे. सौंदर्यासाठी एक वीट लावलेली नाही आणि तरी ती सुंदर दिसते, असं मला तरी वाटलं. जावईबापूंना वाटलं नाही.

एव्हान्सला याचं पेटंट १७९० च्या डिसेंबरात मिळालं. अमेरिकेचं तिसरं पेटंट. त्यावर सही अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची, आणि दुसऱ्याच वर्षी वॉशिंग्टननी ही यंत्रं माउंट व्हर्ननच्या आपल्या गिरणीत बसवून घेतली. १७९५ मध्ये एव्हान्सने गिरणी बांधणाऱ्यांसाठी मोठं पुस्तक लिहिलं आणि मग अशा गिरण्या गावोगावी झाल्या. कॉल्व्हिन रन त्यांतलीच.

इतिहासाच्या बाईला इथे एक गोष्ट खुपल्याशिवाय राहत नाही. माणसाचे कष्ट वाचवणारं यंत्र, ठीक. पण कुणाचे? १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते, वॉशिंग्टनच्याच यादीत त्यांची नोंद आहे. गहू पेरणारे, कापणारे, पिठाची पिंपं घडवणारे तेच. यंत्राने पाठीवरचं पोतं उतरवलं, बेडी नाही उतरवली. नातवाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "हो आजी, शाळेत शिकवलंय." बरं वाटलं.

पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली, पोलादी रुळांच्या प्रचंड गिरण्या निघाल्या आणि ओढ्याकाठच्या गिरण्या मागे पडल्या. कॉल्व्हिन रन १८८३ मध्ये ॲडिसन मिलार्ड या गृहस्थांनी घेतली आणि त्यांच्या घराण्याने ती १९३० नंतरही काही वर्षं चालवली. मग बंद. चाक कुजलं, छप्पर गळलं. १९६५ मध्ये फेअरफॅक्स काउंटीच्या उद्यान खात्याने ती विकत घेतली, दुरुस्त केली, आणि २०१५ मध्ये पुन्हा मोठी डागडुजी होऊन ती पहिल्यासारखी दळायला लागली.

हे सगळं ऐकताना माझं अर्धं मन गावाला होतं. त्याचं कारण सांगते.

आमच्या वडिलांनी १९५३ साली गिरणी घातली. ऑईल इंजिनवरची. तिच्या धुराड्याचा पुक् पुक् आवाज शिवारापर्यंत जायचा आणि त्यावरून बायका ओळखायच्या की गिरणी सुरू झाली. तोवर घरोघर जाती. आई सांगायची, पहिले सहा महिने म्हाताऱ्या बायका दळण आणतच नव्हत्या, इंजिनाच्या पिठात सत्त्व राहत नाही म्हणायच्या. सुना मात्र हळूच पाठवायच्या. पुढे वीज आली, इंजिन गेलं, मोटर आली. वडिलांनंतर दादाने चालवली. माझी बीएची फी त्या गिरणीतल्या सुट्ट्या पैशांतून भरली गेली, नोटांना पीठ लागलेलं असायचं. आता दादा ब्याऐंशी वर्षांचा आहे. गावात घरोघर छोट्या घरगुती चक्क्या आल्या, तयार पीठ मिळतं, गिरणी चार वर्षं बंद आहे. पुतण्या पुण्यात. जागेला गिऱ्हाईक आलंय, त्याला मोकळी जागा हवी. नमुना आठवर आम्हा दोघांचीही नावं आहेत, म्हणजे माझी सही लागणार. अमेरिकेला निघण्याआधी दादा म्हणाला होता, "घाई नाही. जाऊन ये, मग सांग." मी काही बोलले नव्हते.

त्या रात्री फोन केला. इथली रात्र म्हणजे तिकडची सकाळ. मी त्याला सगळं सांगितलं, चाक, पन्हळ, लाकडी दात, रहाटगाडगं. मला वाटलं होतं तो म्हणेल, बघ, त्यांनी कशी जपली. तो तसलं काही बोलला नाही. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "त्या दगडांना टाकी कोण लावतं?"

मी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी लेकीला पुन्हा न्यायला लावलं. तीही म्हणाली, "आई, तीच गिरणी परत?" पण गेलो. काकांनी दाखवलं. दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी पकड असलेली एक कप्पी असते, तिने वरचा दगड उचलून उलटा करतात आणि दोन तोंडांच्या हातोडीने चऱ्या पुन्हा खोल करतात. पूर्वी टाकी लावणारे गावोगाव हिंडत. टाकीचे कण उडून त्यांच्या हातात रुतून बसायचे, निळे काळे ठिपके कायमचे राहायचे. नवा माणूस कामाला आला की गिरणीवाला आधी त्याचे हात बघायचा, किती ठिपके आहेत ते.

हे दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या तात्यांच्या हाताला होते की गं तसे." तात्या म्हणजे वडील. टाकीवाला आला नाही की ते स्वतःच बसायचे. मला ते ठिपके अगदी लख्ख आठवतात. लहानपणी मला ते गोंदण वाटायचं, आणि बायकांचं गोंदण तात्यांनी का काढून घेतलंय, असं मी आईला विचारलंही होतं.

"आपली गिरणी अशी ठेवता येणार नाही का रे?" मी विचारलं.

"कोण ठेवणार? त्यांच्याकडे सरकारने घेतली. आणि तिथे बघायला चाक आहे, पाणी आहे. आपल्याकडे मोटर आणि पट्टा. मोटर बघायला कोण येतंय? छप्पर दर पावसाळ्यात मी शाकारतोय. मी गेल्यावर?"

त्याचं बरोबर होतं. संभाजीनगरची पाणचक्की राहिली, कारण ती दर्ग्याच्या आवारात आहे, तिथे माणसं येतात. ती मी पाहिली आहे, सहल घेऊन गेले होते. तिचं चाक आडवं, दगडाच्या बरोबर खाली, मध्ये एकही दातेरी चाक नाही. उंच भिंतीवरून पाणी पडतं, पात्यांवर आपटतं आणि जितके फेरे चाकाचे तितकेच दगडाचे. हिमालयातले घराटही तसेच. त्या साध्या यंत्रांचं आयुष्य मोठं. आमची गिरणी सत्तर वर्षं चालली, तेही काही कमी नाही.

मी म्हटलं, "सही करते. पण दगड?"

"वरचा मी काढून ठेवलाय, वहिनीच्या तुळशीपाशी. खालचा जमिनीत आहे. तो आता कुणाला हलत नाही. त्या माणसाला सांगितलंय, पाया खणताना सापडेल, तर फोडू नको."

तिथल्या दुकानात त्याच गिरणीत दळलेलं मक्याचं पीठ विकायला असतं. मी एक लहान पिशवी घेतली. लेक म्हणाली, "आई, सातारला मक्याचं पीठ नेणार तू? अमेरिकेतून?" नेलं. बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून.

सही झाली त्या दिवशी दुपारी दादाला ती पिशवी दिली. चष्मा न लावताच त्याने ती सोडली, चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठा बोटावर घासत बसला. गिरणीत गिऱ्हाईक समोर असताना बसायचा तसाच.

"जरा जाडं आहे," तो म्हणाला. "पण गरम झालेलं नाही. दगड नीट लावलाय त्यांनी."

वहिनींनी संध्याकाळी त्याच्या भाकऱ्या केल्या. मक्याची भाकरी थापताना तुटते, तशा तुटल्याच. पिठल्याबरोबर खाल्ल्या.